हनली पाणबुडी वर कशी काढली: मुलांच्या एका पुस्तकावरून सुचलेलं

गलबत (धागाकर्ता):

हनली नावाच्या पाणबुडीवरचं मुलांसाठीचं एक माहितीपर पुस्तक नुकतंच वाचलं. आणलं होतं लेकीसाठी (वय ११), पण तिच्याआधी मीच फडशा पाडला. परीक्षण लिहायचं नाहीये. त्यातला विषय आणि तो मुलांपुढे मांडायची रीत, यावर इथल्या मंडळींशी बोलावंसं वाटलं म्हणून धागा काढतोय.

ज्यांना हनली ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी पार्श्वभूमी. अमेरिकेतलं यादवी युद्ध. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केलेली, त्यात साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटनही. ही कोंडी फोडायला दक्षिणेतल्या काही खटपट्या लोकांनी पाण्याखालून जाणारी बोट बांधायला घेतली. होरेस हनली हा पैसे घालणारा, जेम्स मॅक्लिंटॉक आणि बॅक्स्टर वॉटसन हे डोकं चालवणारे. पहिली बोट न्यू ऑर्लीन्स शत्रूच्या हाती जाताना त्यांनी स्वतःच बुडवली, दुसरी अलाबामातल्या मोबीलच्या उपसागरात गेली, तिसरी ही. १८६३ साली मोबीलमध्ये बांधली आणि आगगाडीवर लादून चार्ल्सटनला आणली.

लांबी सुमारे ४० फूट, म्हणजे आपल्या लाल एसटीपेक्षा थोडी जास्तच. पण आत उंची चारच फूट आणि रुंदी साडेतीन. इंजिन नाही. सात माणसं एका ओळीत वाकून बसायची आणि हाताने दांडा फिरवायची, त्यावर मागचा पंखा फिरायचा. आठवा पुढे बसून दिशा आणि खोली सांभाळायचा. उजेडाला मेणबत्ती. ती मिणमिणायला लागली की हवा संपत आली असं समजायचं. आत-बाहेर करायची दोन तोंडं, प्रत्येक जेमतेम दीड फुटाचं.

ऑगस्ट १८६३ मध्ये बोट बुडाली, पाच जण गेले. वर काढली. ऑक्टोबरमध्ये सरावातच पुन्हा बुडाली, आठही जण गेले, त्यात खुद्द होरेस हनली. परत वर काढली! मग लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन नवी माणसं घेऊन उभा राहिला. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री पुढच्या लांब दांड्याला १३५ पौंड दारूचा सुरुंग लावून हनली बाहेर पडली आणि नाकेबंदीवरच्या 'हूसॅटॉनिक' या युद्धनौकेला तिने तो भिडवला. पाचेक मिनिटांत हूसॅटॉनिक तळाला. पाणबुडीने शत्रूची युद्धनौका बुडवल्याची जगातली ही पहिली घटना. हनली मात्र परतली नाही.

१९९५ साली सापडली. क्लाइव्ह कस्लर या कादंबरीकाराच्या पैशावर चाललेल्या शोधमोहिमेतल्या बुडी मारणाऱ्या माणसांना ती हाती लागली, तीसेक फूट पाण्यात, गाळाखाली पूर्ण गाडलेली. ८ ऑगस्ट २००० ला वर काढली. १३६ वर्षांनी.

वर काढायची गोष्ट मला फार आवडली. बोट एका कुशीवर सुमारे ४५ अंशात कलंडलेली होती. सरळ करायला जावं तर आतला गाळ, हाडं, सगळं एका बाजूला घसरणार. मग ठरलं, जशी पडलीय तशीच उचलायची. तिच्यावर पोलादी सांगाडा उतरवला. बुडी मारणाऱ्यांनी बोटीखालचा गाळ थोडाथोडा उपसत एकेक पट्टा पलीकडे सरकवला. पट्टा आणि बोट यांच्या फटीत पिशव्या ठेवून त्यांत फेस भरला. तो फेस बोटीच्या पोटाचा आकार घेऊन तिथेच घट्ट झाला, त्यामुळे भार एका ठिकाणी न पडता सगळीकडे वाटला गेला. मग क्रेन. पुढे अकरा वर्षं ती तशीच कललेली प्रयोगशाळेच्या टाकीत होती, २०११ मध्ये सरळ केली. ही सबुरी मुलांच्या पुस्तकात चित्रांसकट, घाई न करता येते.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं. आपल्याकडे मुलांसाठीच्या इतिहासाच्या पुस्तकांत 'काय झालं' हे ठासून असतं, 'कशावरून' हे नसतं. हे पुस्तक प्रत्येक गोष्टीला कशावरून विचारतं, आणि उत्तरं दरवेळी वेगळ्या तऱ्हेची येतात.

म्हणजे, दंतकथा होती की याच युद्धातल्या शायलोच्या लढाईत डिक्सनच्या खिशातल्या सोन्याच्या नाण्यावर गोळी बसली आणि तो वाचला. २००१ मध्ये त्याच्या अवशेषांपाशी गाळात नाणं सापडलं. वीस डॉलरचं, वाकलेलं, मागे कोरलेलं: शायलो, ६ एप्रिल १८६२, माझा प्राणरक्षक, जी. ई. डी. दंतकथा खरी निघाली. उलट, बोट बांधणाऱ्यांपैकी एकाने म्हातारपणी लिहून ठेवलेलं की ती जुन्या बॉयलरपासून केली होती आणि आत नऊ माणसं असायची. शंभर वर्षं सगळे तेच छापत आले. प्रत्यक्षात बोट मुद्दाम आखून बांधलेली निघाली, रिव्हेटसुद्धा पृष्ठभागाशी सपाट, पाणी अडू नये म्हणून. आणि माणसं आठच. जो स्वतः तिथे होता त्याचंच लिखाण चुकलं.

आणि ती का बुडाली याचं उत्तर अजून नाही. पुस्तक तसं स्पष्ट सांगतं. लेकीला याचा राग आला. 'एवढं काढून पण माहीत नाही?' मला तो राग फार मोलाचा वाटला.

तुमच्या मुलांना असं काही वाचायला मिळतं का? मराठीत आहे का?

---

सोनकी:

छान धागा. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

---

जुना_खलाशी:

व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये जन्म काढला, त्यामुळे राहवत नाही.

गलबतराव, ऑक्टोबरचा अपघात कसा झाला ते मुलांना जरूर समजावून सांगा. बोट खाली न्यायची तर दोन टोकांच्या टाक्यांत समुद्राचं पाणी घ्यायचं, वर यायचं तर ते हातपंपाने बाहेर टाकायचं. आजही तत्त्व तेच. पण हनलीच्या या टाक्यांना वर झाकण नव्हतं! माणसं बसतात ती जागा आणि टाकी यांच्यामध्ये फक्त अर्धवट उंचीची भिंत. त्या दिवशी पुढच्या टाकीचा व्हॉल्व उघडाच राहिला. टाकी भरली, भिंतीवरून पाणी आत सांडलं, नाक जड होऊन चिखलात रुतलं. अशी बोट आमच्या वेळच्या जहाजं तपासणाऱ्या कोणत्याही सर्व्हेअरने धक्क्यावरून हलू दिली नसती.

पहिल्या अपघाताच्या दोन कहाण्या आहेत. कोणी म्हणतं, तोंडं उघडी असताना अधिकाऱ्याचा पाय बोट खाली-वर नेणाऱ्या बाजूच्या पंखांच्या दांड्यावर पडला आणि बोटीने बुडी मारली. कोणी म्हणतं, जवळून जाणाऱ्या आगबोटीच्या लाटा आत शिरल्या. दोन्ही शक्य. तोंडं पाण्यापासून इतकी कमी उंच की काहीही पुरलं असतं.

खोली मोजायला पाऱ्याची नळी होती, हेही लक्षात घ्या. १८६३ साली, कारखान्यातल्या माणसांनी केलेली. बांधणी अडाणी नव्हती. सुरक्षिततेचा विचार मात्र नव्हता.

---

तिरकस_तात्या:

दोनदा बुडाली, तेरा माणसं मेली, तरी तिसऱ्यांदा माणसं रांगेत उभी! आमच्या सोसायटीत लिफ्ट एकदा अडकली तर लोक महिनाभर जिने चढले.

---

रानजाई:

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारते. अकरा वर्षांच्या मुलीला सांगाडे, कवट्या, गुदमरून मेलेली माणसं हे सगळं द्यावं का? माझा मुलगा नऊचा आहे. रात्री घाबरून उठतो. पुस्तकात फोटो आहेत का हाडांचे?

---

गलबत:

@रानजाई, आहेत, पण दचकवणारे नाहीत. माणसं जशी सापडली ते चित्र काढून दाखवलंय. आणि खरं सांगायचं तर त्यातच सगळ्यांत विलक्षण गोष्ट आहे. बोट बुडाली की माणसं तोंडाकडे धावणार, एकमेकांवर पडणार, असं आपण धरून चालतो. इथे जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या जागी सापडला. खालचे वजनाचे ठोकळे आतून बोल्ट फिरवून सोडता येत होते, बोट हलकी होऊन वर आली असती. तेही सोडलेले नव्हते. म्हणजे धडपडच झाली नाही. का? इथून लेकीचे प्रश्न सुरू झाले आणि भीती बाजूला राहिली.

नऊ वर्षांच्या मुलाला मात्र मी हातात देऊन मोकळा होणार नाही. शेजारी बसून वाचेन.

@तात्या, हसलो.

---

खापरतज्ज्ञ:

पुरातत्त्व शिकलो, आता दुसऱ्याच धंद्यात आहे, पण विषय निघाला की हात शिवशिवतात.

या हाडांतून काय काय वाचलं गेलं ते गलबत यांनी फारसं लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. आठपैकी निम्मी माणसं युरोपात जन्मलेली निघाली. कागदपत्रांवरून नाही, हाडा-दातांतल्या कार्बनवरून. मुळाशी साधी गोष्ट आहे. मका एका पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतो, गहू दुसऱ्या. मक्याच्या पद्धतीत जड कार्बन (कार्बनचे वजनाने किंचित जास्त असलेले अणू) थोडा जास्त उरतो. अमेरिकेत वाढलेला माणूस मक्यावर पोसलेला, युरोपातला गहू-राय-बार्लीवर. खाल्लेलं हाडात उतरतं. दाताचं एनॅमल लहानपणी एकदा बनलं की बदलत नाही, त्यामुळे बालपण कुठे गेलं ते दात सांगतो. हाड सतत नवं होत राहतं, ते शेवटच्या काही वर्षांचं सांगतं. दात युरोपचा आणि हाड अमेरिकेचं, असंही निघू शकतं.

आता आपल्याकडे या. ज्वारी आणि बाजरी मक्याच्या गटातली, तांदूळ आणि गहू दुसऱ्या. म्हणजे सोलापूरकडच्या भाकरी खाणाऱ्या माणसाचा दात आणि अलाबामातल्या मका खाणाऱ्याचा दात कार्बनच्या हिशेबात एका रांगेत बसतील. मराठी मुलांना हे सांगून बघा, कान टवकारतात.

आणखी एक. एका सांगाड्याच्या गळ्यापाशी तांब्याचा बिल्ला सापडला, उत्तरेच्या सैन्यातल्या एझ्रा चेंबरलिन नावाच्या शिपायाचा. लगेच वावड्या: हा फितूर होता का, कैदी होता का, हेर होता का? हाडांवरून वय काढलं तर बिल्ला घातलेला माणूस तिशीचा, चेंबरलिन त्याहून लहान. तो तर १८६३ च्या जुलैमध्ये जवळच्याच मॉरिस बेटावरच्या लढाईत मेला होता. बिल्ला रणांगणावरून उचललेला असणार. ज्याच्या गळ्यात होता तो हनलीवरचा जोसेफ रिजवे.

---

भाकरतुकडा:

आमचा आयडी आज सार्थकी लागला. +१

---

सोनकी:

आले परत. गलबत, 'मराठीत आहे का' या प्रश्नावर माझं मत जरा कडू आहे. माहिती आहे, भरपूर आहे. किशोर मासिकाच्या जुन्या अंकांत फार सुरेख लेख निघालेत. पण एकाच विषयाला ऐंशी-शंभर पानं, फोटो, नकाशे, शेवटी सूची, असं मुलांसाठी कोणी काढत नाही. प्रकाशक म्हणणार, रंगीत छपाई परवडत नाही. पालक म्हणणार, परीक्षेत काय उपयोग. एका वाचनालयात (नाव नको) बालविभागात विज्ञान मागितलं तर मला 'शंभर सोपे प्रयोग' काढून दिलं, वरून 'मुली गोष्टी जास्त वाचतात' हा आहेर.

आणि आपल्याला विषयांचा तोटा आहे का? २०१३ साली १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडी स्फोट होऊन धक्क्यालाच बुडाली. अठरा नौसैनिक गेले. पुढच्या जूनमध्ये ती वर काढली. गढूळ पाणी, आत दारूगोळा, भोवती चालू गोदी. हे काम कसं केलं, कोणी केलं, यावर मुलांना वाचता येईल असं काय आहे? बातम्यांची कात्रणं.

---

जुना_खलाशी:

सोनकीताई, बरोबर बोललात. पण सिंधुरक्षकला वेळ द्यायला हवा. त्या घरांतली मुलं अजून शाळा-कॉलेजात असतील. हनलीला दीडशे वर्षं होऊन गेली म्हणून आपण इथे चवीने बोलू शकतो.

तोवर मुलांना विशाखापट्टणमला न्या. कुरसुरा पाणबुडी तिथे समुद्रकिनाऱ्यावर ठेवलीय, आत शिरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. ९१ मीटर लांब, तरी आत गेल्यावर श्वास कोंडल्यासारखा होतो. तिथे उभं राहून सांगायचं, हनली हिच्या सातव्या हिश्श्याची होती आणि उभं राहायची सोय नव्हती. तिथूनच पुढे समुद्रात १९७१ ची पाकिस्तानी गाझी अजून तळाशीच आहे, तीही दाखवता येते. म्हणजे दिशा दाखवता येते.

---

काळा_कातळ:

सगळे कौतुक करताहेत म्हणून काडी टाकतो. हे 'शूर आठ जण' कोणासाठी लढत होते? गुलामगिरी टिकवण्यासाठी. चार्ल्सटन हे गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर. २००४ मध्ये या आठ जणांना मॅग्नोलिया दफनभूमीत पुरलं तेव्हा जुने गणवेश घालून, दक्षिणेचे झेंडे घेऊन हजारो लोक मिरवले. मुलांच्या पुस्तकात याबद्दल किती ओळी आहेत? गाळ, फेस आणि नाणं यांच्या गमतीत मूळ मुद्दा बुडतो.

---

गलबत:

@काळा_कातळ, काडी नाही, रास्त प्रश्न आहे. पुस्तकाचा भर शोधावर आहे, युद्धाच्या कारणांवर कमी. ही उणीव मलाही जाणवली. आम्ही ती घरी भरून काढली, आणि त्यासाठी लांब जावं लागलं नाही.

हूसॅटॉनिकवर त्या रात्री पहाऱ्यावर रॉबर्ट फ्लेमिंग नावाचा कृष्णवर्णीय खलाशी होता. पाण्यावर ओंडक्यासारखं काहीतरी येतंय हे त्याने पाहून सांगितलं. जहाज बुडाल्यावर तो शिडाच्या दोरखंडांत चढून बसला आणि तिथून त्याने पाण्यावर निळा उजेड पाहिला, अशी त्याची चौकशीतली साक्ष आहे. हनलीने किनाऱ्याला 'काम झालं' म्हणून निळ्या उजेडाची खूण करायची ठरली होती, आणि किनाऱ्यावरच्यांनीही खूण दिसल्याचं सांगितलेलं. म्हणजे हनली स्फोटानंतर काही काळ तरी जिवंत होती की नाही, या सगळ्या वादाचा एक मोठा आधार ही फ्लेमिंगची साक्ष.

दुसरं, याच बंदरातून मे १८६२ मध्ये रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम सुकाणूवाल्याने 'प्लँटर' ही दक्षिणेची बोट पहाटे पळवली. कप्तानाची टोपी घालून, ठरलेल्या शिट्ट्या देत, किल्ल्यांच्या तोफांसमोरून, बायकोमुलांसकट. पुढे तो अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेला. हनलीवरचे लोक नाकेबंदी फोडायला निघाले होते. त्याच नाकेबंदीच्या जहाजांपर्यंत पोचणं म्हणजे स्मॉल्सची सुटका. लेकीला दोन्ही एकापाठोपाठ वाचायला दिलं. तिला स्मॉल्स जास्त आवडला, हे सांगायला नकोच.

---

काळा_कातळ:

हे मूळ लेखात हवं होतं. बाकी फ्लेमिंगची माहिती नवी, धन्यवाद.

---

तिरकस_तात्या:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

पिंपळपान:

निळ्या उजेडाबद्दल. त्या काळी 'निळा उजेड' म्हणजे निळ्या काचेचा कंदील नव्हे, तर पेटवून हातात धरायची शोभेच्या दारूसारखी खुणेची वस्तू. हनलीत सापडलेला कंदील साध्या काचेचा आहे. त्यामुळे 'बघा, कंदील सापडला, दंतकथा खरी' असं जे काही ठिकाणी लिहिलं जातं ते घाईचं आहे. शिवाय बुडत्या जहाजाच्या मदतीला इतर जहाजं येत होती, त्यांनीही खुणा केल्या असतील.

बुडण्याच्या कारणाबद्दल मधल्या काळात बरंच झालंय. २०१३ मध्ये पुढच्या लांब दांड्याच्या टोकावरचा वाळू-शिंपल्यांच्या पुटाचा थर काढताना सुरुंगाच्या तांब्याच्या नळीचा फाटलेला तुकडा तिथेच अडकलेला दिसला. तोवर समज असा की सुरुंग शत्रूच्या लाकडात रुतवून, दोरी लांबवत मागे जाऊन मग उडवायचा. आता कळलं की तो दांड्यालाच बसवलेला होता. म्हणजे स्फोट वीस फुटांच्या आत. २०१७ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या रेचल लान्स यांनी तळ्यात छोटी प्रतिकृती सोडून, बारुदाचे स्फोट करून मोजमापं घेतली. त्यांचं म्हणणं, पाण्यातून आलेला धक्का पत्र्यातून आत गेला आणि फुप्फुसांवर बसून माणसं जागीच गेली. म्हणून कोणी हललंच नाही. हनलीच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही.

तुमच्या लेकीचं पुस्तक याआधीचं असेल तर हा भाग त्यात नसणार.

---

गलबत:

नाहीये. आणि त्याचंच मला बरं वाटलं! पुस्तकात 'सुरुंग रुतवून मागे सरकले' असंच आहे. लेकीला पिंपळपान यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पेन्सिलीने त्या पानावर बारीक अक्षरात '२०१३ नंतर हे बदललं' लिहिलं. वाचनालयाचं पुस्तक आहे म्हणून ओरडायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

---

रानजाई:

अहो, खोडून टाका तेवढं :)

---

देवगडकर:

माझा प्रश्न वेगळाच. २००० ला वर काढली, मग अजून टाकीत का? पंचवीस वर्षं काय धुताहेत?

आमच्या अंगणात आजोबांच्या वेळचा एक लोखंडी नांगर आहे, जाळ्यात अडकून आलेला. लहानपणी दोन हातांनी धरायला लागायची एवढी जाड दांडी होती. दर पावसाळ्यानंतर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. खोबरेल झालं, रंग झाला, ऑइलपेंट झाला. रंगाखालून फुगतो आणि रंगासकट पडतो. आता दांडी एका मुठीत येते.

---

खापरतज्ज्ञ:

देवगडकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अंगणातच पडलंय. दीडशे वर्षं समुद्रात राहिलेल्या लोखंडात मिठातला क्लोराइड खोलवर मुरतो. पाण्यात, गाळाखाली, हवा नसताना तो गुमान असतो. वर काढून वाळवलं की हवा आणि ओल मिळून गंज आतून सुरू होतो आणि पापुद्रे उचलतो. वरून रंग लावला तर रोग आत कोंडला जातो.

हनली म्हणून आधी थंड गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवली, तिला वाळू दिली नाही. मग वरचं वाळू-शिंपल्यांचं दगडासारखं पुट हाताने, छिन्नीने, इंचाइंचाने काढलं. २०१४ पासून ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात आहे. त्यात क्लोराइड हळूहळू बाहेर येतो. काम करायचं तर द्रावण उपसायचं, माणसं संरक्षक कपडे घालून आत उतरणार, संध्याकाळी पुन्हा टाकी भरायची. घाई केली तर जगातली पहिली यशस्वी लढाऊ पाणबुडी तुमच्या नांगरासारखी होईल.

वस्तू वर काढणं हा खर्चातला आणि वेळातला लहान भाग. म्हणूनच आमच्यात सांगतात, पुढची सोय झाल्याशिवाय समुद्रातली वस्तू हलवू नका.

---

देवगडकर:

म्हणजे नांगर खाडीत परत टाकू?

---

खापरतज्ज्ञ:

आता उशीर झालाय. पण जाळ्यात पुढचा आला तर पाण्याच्या पिंपात ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा, अंगणात आणू नका.

---

सोनकी:

या धाग्यातूनच एक मराठी पुस्तक होईल, हे कोणाच्या लक्षात येतंय का? खलाशीकाकांचं यंत्र, खापरतज्ज्ञांची ज्वारी, देवगडचा नांगर. ज्वारीचं उदाहरण तर भाषांतर करून मिळालंच नसतं.

---

गलबत:

@सोनकी, मीही तेच म्हणतोय, पण लिहिणार कोण? खापरतज्ज्ञ, घ्या मनावर. इनामगाववर लिहा. घोड नदीकाठी, शिरूर तालुक्यात, डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं उकरलेलं तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव, आणि पुण्यातल्या मुलांना नावसुद्धा माहीत नाही.

---

खापरतज्ज्ञ:

इनामगावात रानजाईंची अडचण पुन्हा येईल. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखाली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली आहेत. मोठ्यांचे घोट्याखालचे पाय तोडलेले. का तोडले, यावर तर्क आहेत, उत्तर नाही. पण हो, 'कशावरून' शिकवायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात मला ठाऊक नाही. एक प्रकरण लिहून इथेच टाकतो, फाडा सगळे मिळून.

---

रानजाई:

टाका. मी आधी वाचेन, मग ठरवेन :)

---

पिंपळपान:

चार्ल्सटनच्या आसपास जाणाऱ्यांसाठी: प्रयोगशाळा नॉर्थ चार्ल्सटनमध्ये, जुन्या नौदल तळावर आहे. शनिवार-रविवारी लोकांना आत सोडतात, बाकी दिवस काम चालतं. टाकीच्या वरून खाली बघता येतं. हनलीच्या पहिल्या बुडालेल्या तुकडीतल्या खलाशांची थडगी तर एका फुटबॉल स्टेडियमखाली सापडली होती, गावाला विसरच पडलेला. आता तिन्ही तुकड्या मॅग्नोलिया दफनभूमीत एकत्र आहेत.

---

भाकरतुकडा:

खापरतज्ज्ञ, झोप येत नाहीये म्हणून विचारतो. सोलापूरचा ज्वारीचा, कोकणातला तांदळाचा, हे समजलं. पण कोकणातला माणूस भात आणि बांगडा खातो. त्याच्या दाताचं काय होणार?

---

खापरतज्ज्ञ:

फार चांगला प्रश्न, आणि इथेच नवशिके फसतात. समुद्री मासे खाणाऱ्याच्या हाडातही जड कार्बन वाढतो, त्यामुळे नुसत्या कार्बनवरून भात-बांगडावाला थोडासा भाकरीवाल्यासारखा दिसायला लागतो. म्हणून सोबत नायट्रोजनही मोजतात. समुद्रात मोठा मासा लहान माशाला खातो, त्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येक पायरीला जड नायट्रोजन वाढत जातो. कार्बन वाढलेला आणि नायट्रोजनही चढलेला, तर बांगडा. कार्बन वाढलेला आणि नायट्रोजन बेताचा, तर भाकरी. दोन्ही खाणारा असेल तर डोकेदुखी, मग तो कुठलं पाणी प्यायला ते ऑक्सिजनवरून बघायचं. झोपा आता.